सर्व्हरचा कस : डेटाबेसची कार्यक्षमता कशी मोजावी?

मंडणगडपासून राजापूरपर्यंत, रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतील जमिनीचा हिशेब एकेकाळी गावोगावच्या दप्तरांत रुमालात बांधून ठेवलेला असे. खातेदाराने सजावर जावे, तलाठ्याने रुमाल सोडून पान शोधावे आणि हाताने नक्कल करून द्यावी, असा क्रम होता. आज हेच अभिलेख संगणकीय डेटाबेसमध्ये आहेत. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आणि पंधरा रुपये शुल्क भरून तो लालबाग-परळच्या चाकरमान्यालाही घरबसल्या मिळू लागला. राज्यातील सातबारा उताऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या घरात आहे. पूर्वी उतारा मिळण्यास लागणारा वेळ तलाठ्याच्या सवडीवर अवलंबून असे. आता तो सर्व्हरच्या सवडीवर अवलंबून असतो.

'आज सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य सेतू केंद्रापासून शाळेच्या कार्यालयापर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्यामागे कधी खरोखरीच यंत्राची क्षमता अपुरी असते, कधी दोष दूरसंचार वाहिनीचा असतो, तर कधी आज्ञावलीच सदोष असते. कारण न शोधता मोठे यंत्र खरेदी करण्याचा प्रस्ताव तयार होतो, यंत्र येते, आणि तक्रार तशीच राहते. सर्व्हर निवडण्यापूर्वी त्याचा कस लावून पाहण्याचे एक शास्त्र गेल्या चार दशकांत विकसित झाले आहे. त्यास इंग्रजीतून आलेल्या शब्दाने 'बेंचमार्क' चाचणी असे म्हणतात.

हा शब्द बांधकाम व पाटबंधारे खात्यांतील अधिकाऱ्यांना नवा नाही. पुलाच्या कठड्यावर किंवा पक्क्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची दर्शविणारी जी खूण कोरलेली असते, ती 'बेंच मार्क' होय. रस्ता असो वा कालवा, सर्व उंच्या त्या खुणेपासून मोजल्या जातात. खूण हलली तर सारे मोजमाप फुकट जाते. सर्व्हरच्या चाचणीतही नेमके हेच घडते. दोन यंत्रे एकाच खुणेपासून मोजली असतील तरच त्यांची तुलना होऊ शकते.

फेरफार म्हणजे काय, हे यंत्राच्या नजरेतून

डेटाबेसचे काम कसे चालते हे समजण्यासाठी जमिनीच्या फेरफाराइतके सोयीचे उदाहरण नाही. समजा, चाळीस गुंठ्यांच्या मालकाने दहा गुंठे विकले. विक्रेत्याच्या नावावरील क्षेत्र तीस गुंठे झाले पाहिजे, खरेदीदाराच्या नावावर दहा गुंठे लागले पाहिजेत, गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद झाली पाहिजे आणि आठ-अच्या खात्यांतही तदनुसार बदल झाला पाहिजे. माणसाच्या दृष्टीने हा एक व्यवहार आहे. यंत्राच्या दृष्टीने ती अनेक स्वतंत्र लेखने आहेत. विक्रेत्याचे क्षेत्र कमी केल्यावर आणि खरेदीदाराचे वाढविण्यापूर्वी वीज गेली, तर दहा गुंठे जमीन कागदावरून नाहीशी होईल.

असे होऊ नये म्हणून डेटाबेसवर चार बंधने असतात. व्यवहार पूर्ण व्हावा किंवा मुळीच होऊ नये. त्यानंतर हिशेब जुळलेला असावा. एकाच वेळी चाललेल्या दोन व्यवहारांनी परस्परांच्या अर्धवट नोंदी पाहू नयेत. आणि 'नोंद झाली' असे एकदा सांगितल्यावर काहीही झाले तरी ती नोंद टिकावी. या बंधनांच्या सैद्धांतिक मांडणीत अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांचा वाटा फार मोठा असून, १९९८ सालचा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना डेटाबेस व व्यवहार-प्रक्रियेतील संशोधनाबद्दल मिळाला. कस लावायचा तो ही चारही बंधने पाळून केलेल्या कामाचा. बंधने सैल केली तर कोणतेही यंत्र वेगवान दिसते. हा मुद्दा विक्रेत्याच्या माहितीपत्रकात बहुधा नसतो.

कोकणात आणखी एक विशेष आहे. येथे जमिनीचे तुकडे लहान असतात आणि पिढ्यानपिढ्या वाटप न झालेल्या सामाईक मिळकती पुष्कळ आहेत. एकेका उताऱ्यावर वारसांची नावे पानभर असतात. अशा उताऱ्यावर एक वारसनोंद करावयाची तर डेटाबेसला कितीतरी जास्त ओळी शोधाव्या, कुलूपबंद कराव्या आणि बदलाव्या लागतात. घाटावरील एकेरी मालकीच्या उताऱ्यांवर घेतलेल्या चाचणीत जे यंत्र उत्तम ठरेल, तेच लांजा किंवा संगमेश्वरच्या उताऱ्यांपुढे दमण्याचा संभव असतो.

बँकेच्या उदाहरणापासून कोठारापर्यंत

डेटाबेसच्या मापनाचा पहिला गाजलेला प्रयत्न अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८३ साली झाला. डेव्हिड डेविट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेळच्या डेटाबेसप्रणालींना ठरावीक प्रश्न विचारून वेळा नोंदल्या आणि निकाल नावांसह प्रसिद्ध केले. काही उत्पादकांना हे रुचले नाही. पुढे अनेक व्यापारी डेटाबेसच्या परवाना-करारांत 'आमच्या संमतीवाचून चाचणीचे निकाल प्रसिद्ध करू नयेत' असे कलम आले. जाणकारांत ते आजही 'डेविट कलम' म्हणून ओळखले जाते. शासकीय कार्यालयांनी करार करताना हे कलम वाचून घेणे इष्ट आहे.

विस्कॉन्सिनच्या चाचणीत एका वेळी एकच माणूस प्रश्न विचारीत होता. कचेरीत मात्र शेकडो माणसे एकदम काम करतात. ही उणीव ग्रे यांनी भरून काढली. १ एप्रिल १९८५ रोजी 'डेटामेशन' नियतकालिकात एक लेख निनावी प्रसिद्ध झाला. तो त्यांनी चोवीस सहकाऱ्यांसमवेत सिद्ध केला होता. त्यात एक काल्पनिक बँक घेतली होती : एक हजार शाखा, दहा हजार रोखपाल आणि एक कोटी खाती. खात्यात रक्कम जमा करावी अथवा काढावी, रोखपालाची व शाखेची शिल्लक बदलावी आणि इतिहासवहीत एक ओळ लिहावी, एवढाच व्यवहार. अट अशी की शंभरातील पंच्याण्णव व्यवहार एका सेकंदाच्या आत पुरे व्हावेत. ही अट पाळून यंत्र सेकंदाला किती व्यवहार करते आणि प्रत्येक व्यवहारक्षमतेमागे किती खर्च येतो, हे दोन आकडे द्यावयाचे.

उत्पादकांनी ही चाचणी उचलून धरली आणि जो तो आपल्या सोयीची अट गाळून विक्रमी आकडे जाहीर करू लागला. या गोंधळावर उपाय म्हणून ऑगस्ट १९८८ मध्ये 'ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल' ही संस्था स्थापन झाली. ती 'टीपीसी' या नावाने ओळखली जाते. तिची 'टीपीसी-ए' ही चाचणी १९८९ साली, 'टीपीसी-बी' १९९० साली आणि सर्वांत प्रसिद्ध 'टीपीसी-सी' १९९२ साली आली. निकाल मान्य होण्यापूर्वी स्वतंत्र तपासनीसाने तो तपासावा, यंत्राची रचना सविस्तर जाहीर करावी आणि देखभालीसह किंमत द्यावी, असे नियम तिने घातले. लेखापरीक्षणाची सवय असलेल्या वाचकांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

'टीपीसी-सी'मध्ये बँकेऐवजी घाऊक मालाची कोठारे आहेत. प्रत्येक कोठाराखाली दहा विभाग, प्रत्येक विभागात तीन हजार ग्राहक आणि एक लाख प्रकारच्या वस्तू. नवी मागणी नोंदविणे, पैसे भरणे, मागणीची स्थिती विचारणे, माल रवाना करणे आणि शिल्लक साठा पाहणे असे पाच प्रकारचे व्यवहार ठरावीक प्रमाणात मिसळलेले असतात. सुमारे एक टक्का मागण्या मुद्दाम सदोष ठेवलेल्या असतात, म्हणजे केलेले काम पुसून टाकण्याची यंत्राची क्षमताही तपासली जाते. सर्वांत मार्मिक नियम पुढचा आहे. टंकलेखनाला आणि विचार करण्याला माणसाला लागणारा वेळ हिशेबात धरल्यामुळे एका कोठारातून मिनिटाला १२.८६ पेक्षा अधिक नव्या मागण्या येऊच शकत नाहीत. म्हणून मिनिटाला एक लाख मागण्यांचा दावा करावयाचा असेल तर सुमारे ७,८०० कोठारांची माहिती यंत्रात भरावी लागते. दावा मोठा करावा तर ओझेही मोठे घ्यावे, अशी ही योजना आहे.

२०२० साली 'ओशनबेस' या चिनी डेटाबेसने मिनिटाला ७० कोटींहून अधिक मागण्यांचा निकाल नोंदविला. हा आकडा अचंबित करणारा आहे, परंतु चिपळूण नगरपरिषदेच्या मालमत्ता कराच्या कामासाठी कोणता सर्व्हर घ्यावा याविषयी त्यातून काहीही कळत नाही. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रातील 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत त्रेसष्टावा आला. ती यादी समीकरणे सोडविण्याच्या गतीवर ठरते. डेटाबेसच्या कामात आकडेमोड थोडी आणि शोधाशोध, कुलपे व लेखन फार. शर्यतीच्या घोड्याला मोटेला जुंपून पाहू नये, तसेच हे आहे.

सरासरीचा फसवा आकडा

समजा, शंभर विनंत्यांपैकी पंच्याण्णव अर्ध्या सेकंदात पुऱ्या झाल्या आणि पाचांना तीस-तीस सेकंद लागले. सरासरी येते दोन सेकंदांच्या किंचित आत. अहवालात हा आकडा चांगलाच दिसतो. परंतु एका फेरफारासाठी वीस वेळा पडदा बदलावा लागत असेल, तर सुमारे तीनपैकी दोन फेरफारांत एकदा तरी तीस सेकंद ताटकळावे लागेल. म्हणून जाणकार सरासरी मागत नाहीत. शंभरातील पंच्याण्णवावी किंवा नव्व्याण्णवावी विनंती किती वेळात पुरी झाली, हे ते विचारतात.

दुसरी गोष्ट रांगेची. एका विनंतीला यंत्राचा केवळ ०.२ सेकंद वेळ लागतो असे धरू. विनंत्या अनियमितपणे येत असतील आणि यंत्र निम्मा वेळ कामात असेल, तर रांगेसह ०.४ सेकंद लागतात. यंत्र ८० टक्के वेळ कामात असेल तर १ सेकंद, ९० टक्के असेल तर २ सेकंद आणि ९५ टक्के असेल तर ४ सेकंद. काम ८० वरून ९५ टक्क्यांवर गेले, म्हणजे एकपंचमांशाहूनही कमी वाढले. प्रतीक्षा मात्र चौपट झाली. रास्त भाव दुकानाच्या रांगेचा अनुभव असणाऱ्याला याचे गणित सांगावे लागत नाही. 'सकाळी चालते आणि दुपारी बंद पडते' या तक्रारीचा उलगडा पुष्कळदा येथेच होतो. यंत्राची खरी क्षमता म्हणजे प्रतीक्षेची मर्यादा ओलांडण्यापूर्वी ते जेवढे काम करते तेवढीच होय.

तबकडी, वीज आणि खरे-खोटे लेखन

डेटाबेसच्या सर्व्हरमध्ये सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक भाग म्हणजे साठवण. 'नोंद झाली' असे सांगण्यापूर्वी डेटाबेसने त्या नोंदीची ओळ कायमस्वरूपी साधनावर लिहिलेली असली पाहिजे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी चुंबकीय तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते; एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. एकामागून एक येणाऱ्या नोंदींपैकी प्रत्येकीला लेखनाची जागा पुन्हा फिरून येण्याची वाट पाहावी लागते. म्हणून एकटा वापरकर्ता अशा एका तबकडीवर सेकंदाला साधारण १२० हून अधिक पक्के व्यवहार करू शकत नाही. १५,००० फेऱ्यांच्या तबकडीला ही मर्यादा २५० ची असते.

आता विक्रेत्याने अशाच तबकडीवर एका वापरकर्त्याकडून सेकंदाला दोन-तीन हजार व्यवहार करून दाखविले, तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी. त्याचा अर्थ बहुधा असा की तबकडी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ओळ घेते आणि 'लिहिले' असे खोटेच कळवते. वीज असेपर्यंत हे खपून जाते. वीज गेली की पोच दिलेल्या नोंदी नाहीशा होतात. ज्या नियंत्रकास स्वतःची बॅटरी आहे, किंवा ज्या घनस्थिती साठवणीत वीज गेल्यावर उरलेले लेखन पुरे करण्यापुरता विद्युतसंचय आहे, तेथे हा वेग प्रामाणिक असतो. स्वस्त घनस्थिती साठवणीत ही सोय सहसा नसते आणि किमतीतील फरकाचे ते एक मोठे कारण आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि शेजारच्या मंडणगड व दापोली तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले. पावसाळ्यात तर वाऱ्याच्या एका झोताने वीज जाणे ही कोकणात नवलाची गोष्ट नव्हे. म्हणून येथे घेतल्या जाणाऱ्या चाचणीत एक साधी कृती अवश्य असावी : पूर्ण भार चालू असताना यंत्राची वीज एकदम तोडावी, यंत्र पुन्हा सुरू करावे, आणि ज्या नोंदींची पोच मिळाली होती त्या सर्व आत आहेत की नाहीत हे दुसऱ्या यंत्रावर ठेवलेल्या यादीशी ताडून पाहावे. ही कृती पाच-सहा वेळा करावी. एकही नोंद हरवली तर ते यंत्र, किमान त्या रचनेत, अभिलेखांसाठी अयोग्य समजावे.

तबकड्यांच्या मांडणीचाही विचार येथेच केला पाहिजे. 'रेड-५' या मांडणीत जागा वाचते, परंतु एक लहान बदल करण्यासाठी दोन वाचने आणि दोन लेखने करावी लागतात. 'रेड-१०' मध्ये दोन लेखने पुरतात. केवळ उतारे दाखविणाऱ्या सर्व्हरला पहिली मांडणी चालू शकेल. दिवसभर फेरफार घेणाऱ्या सर्व्हरला ती जाचक होते.

स्मृतीविषयी एकच सावधगिरी सांगितली तरी पुरे. चाचणीची माहिती यंत्राच्या स्मृतीत मावण्याइतकी लहान असेल तर साठवणीची परीक्षा होतच नाही. 'पोस्टग्रेस्क्यूएल' या मुक्त डेटाबेसबरोबर 'पीजीबेंच' नावाचे चाचणी-साधन मिळते. त्याचे मूळ माप एक शाखा, दहा रोखपाल आणि एक लाख खाती एवढेच असून ते सोळा मेगाबाइटच्या आसपास जागा घेते. या मापावर घेतलेली चाचणी म्हणजे तळ्यात पोहून समुद्राचा दाखला मागणे होय. शिवाय यंत्र सुरू करताच घेतलेले आकडेही टाकून द्यावेत. स्मृती भरेपर्यंत आणि डेटाबेसची नियतकालिक सफाई एक-दोनदा होईपर्यंत, निदान अर्धा तास, भार चालू ठेवून मगच नोंदी घ्याव्यात. किनारपट्टीच्या उकाड्यात प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग आपणहून कमी करतो. वातानुकूलित प्रयोगशाळेतील आकडा मे महिन्यात कचेरीच्या खोलीत मिळेलच असे नाही.

गणपतीची गाडी आणि एकाच ओळीवरील झुंबड

चाचणीतला भार आणि खऱ्या जीवनातला भार यांतील अंतर कोकणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. कोकण रेल्वेची संपूर्ण वाहतूक २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली. तेव्हापासून गणेशोत्सवासाठी गावी येणाऱ्या चाकरमान्यांचे लक्ष आरक्षणाच्या तारखेकडे लागलेले असते. पूर्वी हे आरक्षण १२० दिवस आधी खुले होत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी होते. सकाळी आठ वाजता हजारो माणसे एकाच क्षणी कोकणकन्या, मांडवी किंवा तुतारी एक्स्प्रेसची, त्याच एका दिवसाची, खेड-चिपळूण-रत्नागिरीची जागा मागतात.

रेल्वेच्या ई-तिकीट यंत्रणेची क्षमता २०१४ साली मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२०० वर नेण्यात आली. रेल्वे मंत्रालयाने जून २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार ही क्षमता तोवर मिनिटाला ३२,००० तिकिटांपर्यंत पोहोचली होती आणि नव्या आरक्षण यंत्रणेचे उद्दिष्ट दीड लाखांचे ठेवण्यात आले. आरक्षणाची त्या वेळची मूळ यंत्रणा २०१० साली बसविलेली असून 'इटॅनियम' सर्व्हरवर चालत होती. हे आकडे संपूर्ण देशातील सर्व गाड्यांचे मिळून आहेत. डेटाबेसच्या दृष्टीने दहा हजार माणसांनी दहा हजार वेगवेगळ्या गाड्यांची तिकिटे काढणे सोपे असते. दहा हजार माणसांनी एकाच गाडीची मागणे अवघड असते. एका डब्यातील शिल्लक जागांची नोंद बदलताना ती क्षणभर कुलूपबंद करावी लागते आणि इतर सर्वांना थांबावे लागते. तेथे प्रोसेसरची संख्या दुप्पट केल्याने फारसा लाभ होत नाही, कारण काम करणारे हात वाढले तरी दार एकच असते. आणि यंत्र कितीही वेगवान केले तरी डब्यातील बाके वाढत नाहीत. चाकरमान्यांची खरी तक्रार पुष्कळदा याच गोष्टीची असते.

'पीजीबेंच'च्या एक-शाखा मापात नेमकी अशीच झुंबड होते, कारण प्रत्येक व्यवहाराला शाखेची तीच एक ओळ बदलावी लागते. वापरकर्त्यांच्या संख्येइतके तरी माप घ्यावे, अशी सूचना त्या साधनाच्या पुस्तिकेत आहे ती यासाठीच. उलट, ज्या कामात झुंबड होणारच आहे त्याची चाचणी भार सारखा विभागून घेतली, तर आकडे गोड येतात आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी यंत्र मान टाकते. फळपीक विम्याची मुदत, परीक्षेचे अर्ज, शाळांनी विद्यार्थ्यांची माहिती भरण्याची अखेरची तारीख, ही सर्व कामे याच जातीची आहेत.

अंतराचा वाटा

मंडणगडच्या टेबलावर जाणवणारा उशीर सारा सर्व्हरचा नसतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. त्यामार्गे प्रश्न जाऊन उत्तर परत येण्यास प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. एक पडदा भरण्यासाठी आज्ञावली वीस वेळा ये-जा करीत असेल तर दहा सेकंद वाटेतच गेले. ते कमी करणे जगातील कोणत्याही सर्व्हरला शक्य नाही; ये-जा कमी करणारी आज्ञावली किंवा ग्रामपंचायतीपर्यंत नीट पोहोचलेली प्रकाशतंतू वाहिनीच ते करू शकते. म्हणून चाचणी दोन ठिकाणी घ्यावी : एकदा सर्व्हरच्या शेजारी बसून आणि एकदा सर्वांत दूरच्या सजावरून. दोहोंतील फरक हा वाहिनीचा आणि आज्ञावलीच्या ये-जेचा हिस्सा. खरेदीचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी एवढे एक मोजमाप केले तरी कित्येक प्रस्ताव मागे घ्यावे लागतील.

निविदेत काय लिहावे

सर्व्हरच्या निविदेत प्रोसेसर किती, स्मृती किती, साठवण किती असे तपशील लिहिण्याची रूढी आहे. विहीर खोदताना व्यास आणि खोली लिहावी, पण पाणी लागावे अशी अट घालू नये, तसा हा प्रकार आहे. त्याऐवजी कामाची अट लिहिता येते : कार्यालयाच्या स्वतःच्या माहितीच्या प्रतीवर, एकाच वेळी इतके वापरकर्ते असताना, तासाला इतके फेरफार आणि इतके उतारे पुरे व्हावेत, शंभरातील पंच्याण्णव विनंत्या दोन सेकंदांच्या आत आणि नव्व्याण्णव पाच सेकंदांच्या आत पुऱ्या व्हाव्यात, आणि वीज तोडण्याच्या कसोटीत एकही नोंद हरवू नये. आकडे ज्याने त्याने आपल्या कामावरून ठरवावेत. त्यासाठी वर्षातील सर्वांत गर्दीच्या दिवसाची नोंद काढावी, त्या दिवशी कोणत्या प्रकारच्या किती विनंत्या आल्या ते मोजावे आणि तोच क्रम निवडलेल्या यंत्रांवर पुन्हा चालवून पाहावा. उद्याच्या वाढीसाठी हाच भार दीडपट, दुप्पट करून यंत्र कोठे दमते ते नोंदवून ठेवावे. विक्रेत्याच्या हाती माहितीची प्रत देण्यापूर्वी नागरिकांची नावे व ओळखक्रमांक बदललेले असले पाहिजेत. मात्र एका उताऱ्यावरील नावांची संख्या तशीच ठेवावी, अन्यथा कोकणच्या सातबाऱ्याचे वैशिष्ट्यच चाचणीतून निघून जाईल.

स्वतःचा सर्व्हर न घेता क्लाऊडवर जागा घेणाऱ्या कार्यालयांनाही या खटाटोपातून सुटका नाही. तेथे मिळणारा प्रोसेसर अनेकदा शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेला असतो आणि साठवणीच्या लेखन-वाचनावर दर सेकंदाची मर्यादा असते. म्हणून तीच चाचणी सकाळी, दुपारी व रात्री, निरनिराळ्या दिवशी घ्यावी आणि सर्वांत वाईट आकडा खरा मानावा. चाचणीचे सर्व तपशील, म्हणजे आज्ञावलीची आवृत्ती, मांडणी, माहितीचा आकार आणि तारीख, नस्तीत जोडून ठेवावेत. वर्षभराने 'यंत्र मंदावले' अशी तक्रार आली तर तीच चाचणी पुन्हा चालवावी. आकडा पूर्वीइतकाच आला तर दोष यंत्राचा नाही, माहिती वाढली आहे किंवा आज्ञावली बदलली आहे, हे लगेच कळते.

एक मापन मात्र बहुतेक चाचण्यांत राहून जाते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा दुकाने व कार्यालयांतील कागदपत्रे आणि यंत्रे पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी यंत्र किती वेगवान होते याला अर्थ उरत नाही. दूर ठेवलेल्या प्रतीवरून डेटाबेस पुन्हा उभा करण्यास किती तास लागतात, एवढाच प्रश्न असतो. एक टेराबाइट माहिती शंभर मेगाबिटच्या वाहिनीवरून आणावयाची तर केवळ वाहतुकीलाच सुमारे बावीस तास लागतात आणि त्यानंतर डेटाबेसची जुळणी व तपासणी असते. हा वेळ प्रत्यक्ष प्रत आणून, यंत्र उभे करून आणि घड्याळ लावून एकदा मोजावा, आणि मोजणी पावसाळ्यापूर्वी करावी.